हा धुरा कोनाचा?

बोलता बोलता सर उजव्या तळहाताची कड टेबलावर टेकवायचे आणि सावकाश एक आडवी रेघ ओढायचे. टेबलावर काहीच उमटायचं नाही, पण बैठकीला बसलेल्या प्रत्येकाला ती रेघ दिसायची. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "हा धुरा कोनाचा?"

पुण्याहून आलेल्या आर्किटेक्टने हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो मदतीसाठी माझ्याकडे पाहायला लागला. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला बसलेली. धुरा म्हणजे शेताचा बांध, हे मी त्याला हळूच सांगितलं. पण तेवढ्याने त्याचं समाधान होईना, कारण चर्चा चालली होती संडासांच्या ड्रेनेजची.

तुम्ही आमच्या भंडाऱ्याकडचे असाल तर तुम्हाला सांगायला नकोच. धानाच्या दोन बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, शेजारी शेजारी, मधे मातीचा धुरा. खेकडा त्याला भोक पाडतो, एकाचं पाणी दुसऱ्याकडे वाहून जातं, आणि भोक कोणी बुजवायचं यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. सर लाखांदूरकडच्या धान पिकवणाऱ्या घरातले. शिकून साहेब झाले, पण जगाकडे पाहायचे ते धुऱ्यावर उभं राहूनच.

मोहाडीच्या अलीकडे तीन शाळांसाठी एकच मोठं आवार बांधायचं होतं. एक प्राथमिक शाळा, एक हायस्कूल आणि एक कर्णबधिर मुलांची शाळा. इमारती वेगळ्या, पण मैदान एक, स्वयंपाकघर एक, वाचनालय एक. लोकांना वाटतं बांधकाम म्हणजे विटा आणि ठेकेदार. त्याच्या कितीतरी आधी येतात सल्लागार. एक इमारतीचा नकाशा काढणारा, एक तिच्यातल्या सळयांचा हिशोब करणारा, एक विजेचा, एक पाण्याचा, एक झाडांचा आणि रस्त्यांचा. प्रत्येकाचा करार निराळा. कोणाचं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे त्यात लिहिलेलं असतं, त्याला म्हणायचं स्कोप. हे सगळे करार सांभाळण्यासाठी तिन्ही शाळांच्या समितीने सरांना मुदतीवर नेमलं होतं, आणि त्यांच्या हाताखाली मला.

करार इंग्रजीत असायचे. सर एकेक कलम मोठ्याने वाचायचे आणि माझ्यासाठी त्याचं आमच्या झाडी बोलीत भाषांतर करायचे. पूर, भूकंप अशा अडचणींचं कलम आलं की म्हणायचे, "देवाच्या मनात आलं तं आमी काय करनार, असं म्हनून राहिला हा." वाद झाल्यास लवाद नेमावा, या कलमाचं भाषांतर होतं, "गावातल्या चार लोकायले बोलवा." मी ही कलमं अशीच शिकले, आणि आजही मला ती इंग्रजीत आठवत नाहीत.

त्यांचं सगळं लक्ष असायचं दोन करारांच्या मधल्या जागेवर. एकदा त्यांनी दोन नकाशे शेजारी ठेवले. आर्किटेक्टची रेघ इमारतीच्या ओट्यापाशी संपत होती. झाडांच्या सल्लागार मॅडमची रेघ पुढच्या पायवाटेपासून सुरू होत होती. मधल्या पट्टीत कोणीच काही काढलं नव्हतं. पायरीही नाही.

"लेकरू दारातून निघन आन कठी जाईन?" सरांनी विचारलं.

"पायवाटेवर," आर्किटेक्ट म्हणाला.

"उडत?"

ते आमच्या स्कोपमध्ये येत नाही, असं दोघांनीही एका सुरात सांगितलं. सर अजिबात चिडले नाहीत. त्यांनी दोघांना आणि बैठकीतल्या बाकीच्यांनाही जीपमध्ये घातलं आणि साइटवर नेलं. पाऊस होऊन गेलेला, भुरभुर अजून चालू, चिखल पोटरीपर्यंत. आर्किटेक्टला ओट्याच्या खुणेवर उभं केलं, मॅडमना पायवाटेच्या खुणेवर, आणि म्हणाले, "आता मिळवा हात." दोघं वाकले, लांबवले, हात काही मिळेनात. शेवटी आर्किटेक्टने पुढे पाऊल टाकलं आणि त्याचा बूट चिखलात राहिला. सगळे इतके हसलो की पाणीवाले सल्लागार छत्री उलटी धरून उभे आहेत हे त्यांच्याही लक्षात आलं नाही. पायरी आर्किटेक्टच्या करारात गेली.

अशा किती जागा त्यांनी शोधून काढल्या असतील. सर एक तर कोणाला तरी ते काम घ्यायला लावायचे, किंवा दोघांत वाटून द्यायचे. आमच्याकडे धुऱ्यावर तूर लावतात, दोन्ही घरं ती खातात, म्हणून वाटणी केली की सर म्हणायचे, "झाली तूर." आणि चहा मागवायचे.

मग घंटेचा विषय निघाला. वीजवाल्या सल्लागाराने तिन्ही शाळांना सारखीच विजेची घंटा दाखवली होती. ऐकू न येणाऱ्या मुलांना घंटा काय कामाची, म्हणून सर त्याला आणि मला घेऊन ती शाळा पाहायलाच निघाले. लाखनीकडे हायवेला लागून भाड्याच्या जागेत ती भरायची. दारासमोरून ट्रक जायचे आणि त्यांचा हॉर्न मुलांना ऐकू यायचा नाही, म्हणून फाटकाला कायम कुलूप. दुसरा इलाजच नव्हता. मुलं जाळीला नाक लावून रस्ता बघत उभी असायची.

घंटेऐवजी वर्गावर्गात लुकलुकणारा दिवा लावायचा, हे लगेच ठरलं. आम्ही निघालो तेव्हा दोन वेण्या घातलेली एक मुलगी सरांच्या समोर येऊन उभी राहिली आणि हातांनी काहीतरी विचारायला लागली. तिच्या शिक्षिकेने सांगितलं, "ती विचारतेय, नवीन शाळेतही कुलूप असेल का?"

सरांनी शिक्षिकेला उत्तर सांगितलंच नाही. स्वतःच हात पुढे केला, चावी फिरवल्यासारखं केलं, मग जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं, आणि मैदान दाखवायला दोन्ही हात असे काही पसरले की वीजवाल्याचा चष्मा उडाला. ती मुलगी पोट धरून हसली.

"नाई लागत म्हनून आलो बाई मी," परत येताना जीपमध्ये सर म्हणाले. "आता तठी कुलूप लागलं तं त्या पोरीले तोंड कसं दाखवू?"

मला तेव्हा हसू आलं होतं. नव्या आवाराला कोण कशाला कुलूप लावेल, असं वाटलं होतं.

पुढच्याच समितीच्या सभेत हायस्कूलचे मुख्याध्यापक उठले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. म्हणाले, "आमची मुलं दांडगी आहेत. क्रिकेटचा चेंडू जोरात येतो. त्या लेकरायले हाक ऐकू येत नाही. उद्या कोणाले लागलं तं जबाबदार कोण? मधात उंच भिंत पाह्यजे, फाटक पाह्यजे, आन फाटकाले कुलूप." प्राथमिकवाल्यांनी मान डोलावली. कर्णबधिर शाळेच्या शिक्षिकेने विरोध केला, पण त्यांचं एकच मत. ठराव झाला. अध्यक्ष सरांना म्हणाले, एखाद्या सल्लागाराकडून भिंतीचा नकाशा करून घ्या.

"घेतो ना," सर म्हणाले.

सल्लागारांची बैठक बसली. आर्किटेक्ट म्हणाला, इमारतीबाहेरची भिंत आमच्या स्कोपमध्ये नाही. झाडांच्या मॅडम म्हणाल्या, आमच्याकडे कुंपण आहे, पण ते कमरेएवढं, मेंदीचं. सळयावाले म्हणाले, आधी कोणीतरी काढू दे, मग आम्ही जाडी सांगू. पाणीवाले म्हणाले, भिंत झाली तर पाणी तुंबेल, पण ते आम्हाला कोणी विचारलेलं नाही. असं बोलून सगळे सवयीने सरांकडे बघायला लागले. आता तळहात टेबलावर येईल, रेघ ओढली जाईल.

सरांचे दोन्ही हात चहाच्या कपाभोवती होते.

"सर, मग नक्की कोणाच्या स्कोपमध्ये?" आर्किटेक्टनेच विचारलं. तो एव्हाना आमच्यात चांगला तयार झाला होता.

"पाहा ना बाप्पा," सर म्हणाले. "तुमचंही बरोबर हाय. त्यायचंही बरोबर हाय." आणि फुंकर मारून चहा प्यायले.

मी लिहायची थांबले. तो माणूस काय करतो आहे हे माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं आणि मी घाईघाईने मान खाली घातली, कारण मला हसू आवरत नव्हतं. त्यांनी सभेत वाद घातला असता, तर मतं मोजली गेली असती आणि ते हरले असते. मी लिहिलं, 'भिंतीच्या आराखड्याची जबाबदारी ठरवणे बाकी.' पुढच्या बैठकीत तेच लिहिलं. त्याच्या पुढच्याही. मैदान सपाट झालं, वाचनालयाला रंग लागला, वर्गांत दिवे लुकलुकून पाहिले, आणि एकेका सल्लागाराचा करार नीट पूर्ण होऊन बंद झाला. भिंतीचा नकाशा काढायला कोणी उरलं नाही. नकाशाशिवाय ठेकेदार वीट ठेवेना.

अध्यक्षांना हे उशिरा उमगलं, पण उमगलं. सरांची मुदत उद्घाटनाच्या आधी संपत होती. ती वाढवली गेली नाही. उद्घाटनासाठी सरांनी पांढरा शर्ट शिवायला टाकला होता, कॉलर कशी हवी ते सगळ्या ऑफिसला सांगून झालं होतं. त्या सोहळ्याचं बोलावणंही त्यांना गेलं नाही. मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

लाखांदूरच्या एसटीत बसवून द्यायला मी गेले होते. "सर, तुम्ही मुद्दाम केलं," मी म्हटलं.

"मी काय केलं? काईच नाई केलं," ते म्हणाले. मग खिडकीतून वाकले आणि हळूच बोलले, "आयुष्यभर दुसऱ्यायच्या धुऱ्याचे भोकं बुजवले बाई. एक राहू देल्लं."

आवार सुरू झालं. मला तिथेच ऑफिसात काम मिळालं. पावसाळा सरत आलेला असताना एका मधल्या सुट्टीत मैदानावर गर्दी दिसली म्हणून मी धावत गेले. मधोमध ती दोन वेण्यांची मुलगी आणि हायस्कूलचा एक लांबडा मुलगा, दोघं भांडत होते. ती आउट होती की नाही, यावरून. हातांनी. मुलगाही हातांनीच भांडत होता, बोटं जरा अडखळत होती, पण माघार घेत नव्हता. मुख्याध्यापकही येऊन उभे होते. "काय म्हणून राहिले हे?" त्यांनी मला विचारलं. मलाही कळत नव्हतं. भोवतीच्या त्यांच्याच शाळेतल्या मुलांना मात्र कळत होतं, आणि ती खो खो हसत होती.

मला राहवेना. मी सरांना व्हिडिओ कॉल लावला. ते शेतात होते, डोक्याला दुपट्टा, मागे निसवलेला, लोंब्यांवर आलेला धान. मी काही न बोलता मोबाइल मैदानाकडे धरला. ते बघत राहिले. तेवढ्यात त्या मुलीने मोबाइलमध्ये त्यांना ओळखलं. तिने तो माझ्या हातातून घेतला, मैत्रिणीला धरायला दिला आणि त्या मुलाची सगळी तक्रार पहिल्यापासून त्यांना सांगायला लागली. भराभर, डोळे मोठे करून, मधेच त्याच्याकडे बोट दाखवून. सरांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ते गंभीर चेहऱ्याने मान हलवत होते, आणि दुपट्ट्याच्या टोकाने डोळे पुसत होते.

मग नेटवर्क गेलं आणि मान हलवता हलवता त्यांचं चित्र थांबलं. तिच्या ते लक्षात आलं नाही. ती सांगतच राहिली.