अप्पांची मूठ

लातूर जिल्हा नवा होता आणि सरकारी दवाखान्यातली आमची खोलीही नवी होती. भिंतींना अजून चुन्याचा वास यायचा. नळसुद्धा नवाच, फक्त त्यातून पाणी येत नव्हतं. त्या दुष्काळात टँकर आला तरच टाकी भरायची. मी नांदेडची, फिजिओथेरपी शिकून नुकतीच रुजू झालेली, आणि स्वभावाने अजिबात गरीब नव्हे. लोक मला ‘मालिशवाली बाई’ म्हणायचे, तेव्हा माझं डोकं सटकायचं.

औशाच्या एका लिंगायत दुकानदारांना लकवा झाला होता. सगळे त्यांना अप्पा म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. डावी बाजू गेली होती. पाय हळूहळू सुधारत होता, हात मात्र नुसता लोंबायचा. अप्पांना पायापेक्षा हाताचंच पडलं होतं, कारण त्यांची रोजची पूजा डाव्या तळहातावर व्हायची. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं, दीक्षेत मिळालेलं लिंग तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हाताने पाणी, विभूती, बेल वाहायचा. त्याआधी पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. आजारपणात त्यांची बायको, आमच्या काकू, त्यांचा तळहात खालून धरून ठेवत आणि पूजा पार पडे.

एका सकाळी मुलगा त्यांना उचलूनच माझ्या खोलीत घेऊन आला, मागे काकू. आदल्या दिवशी पूजेला बसलेले असताना अप्पांना जोराची शिंक आली आणि डावी मूठ आपोआप वळली. लिंग आत. घरात आनंदीआनंद! देवानं हातात ताकद घातली म्हणून गल्लीत साखर वाटली. पण मूठ उघडेना. मुलाने बोटं ओढली, तशी ती आणखी आवळली. पूजा अर्धवट राहिली आणि कालपासून अप्पांच्या पोटात पाणी नव्हतं.

त्यांचे ओठ फुटले होते, जीभ टाळ्याला चिकटत होती. नर्सने सलाइन आणलं तर त्यांनी चांगल्या हाताने ते ढकलून दिलं.

“ही ताकद नाही, हात आखडलाय,” मी मुलावर ओरडले. “साखर कसली वाटता? ओढून ओढून बोटं मोडाल त्यांची!”

“मग काय करू, बाई? बाप तहानेनं मरायलाय माझा!”

मला लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली. लकव्याचा माणूस, असलं ऊन आणि अंगात पाणी नाही. अजून काही तास गेले असते तर माझ्या हाती काही उरलं नसतं.

मनगट खाली वाकवलं की आखडलेली बोटं सैल पडतात. पण मग लिंग खाली पडणार, आणि फरशीवर पडलं तर अप्पा कायमचं अन्न सोडतील, असं मुलाने हळूच सांगितलं. मी झेलायचं तर दीक्षा नसलेल्या माझ्या हाताचा स्पर्श त्याला चालणार नव्हता. काकू फरशीवर बसल्या आणि त्यांनी मुठीखाली आपली ओंजळ धरली.

मी आधी खांदा हलवला, हळूहळू, झोळीतलं लेकरू हलवावं तसा. मग कोपर. अप्पा मध्येच जोर लावायचे आणि सगळं पुन्हा घट्ट व्हायचं.

“अप्पा, जोर लावू नका.”

“जोराबिगर कसं व्हईल?”

“आज माझं ऐका!”

त्यांनी डोळे मिटले. मी मनगट वाकवलं, अंगठा मुळाशी धरून बाहेर घेतला. करंगळी सुटली. मग शेजारचं बोट. लिंग काकूंच्या ओंजळीत पडलं.

अप्पांनी लगेच उजव्या हाताने डावा हात पुढे ओढला. “दे, इथं ठिव.”

“पुन्यांदा मूठ वळली तर?” काकू म्हणाल्या. त्यांनी लिंग स्वतःच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि तो अप्पांसमोर धरला. “हितंच करा. ह्यो हात काय परक्याचा हाय?”

अप्पा कितीतरी वेळ त्या तळहाताकडे बघत राहिले. मग त्यांनी काकूंनी घरून आणलेल्या तांब्यातून पाणी वाहिलं. पूजा झाली, आणि काकूंच्या तळहातावरचं तीर्थ ते प्यायले, मग तांब्या तोंडाला लावला. मला रडू आवरलं नाही.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. त्यांच्या मांडीवर विसरून पडलेल्या डाव्या हाताची बोटं, कुणी न धरता, पुरती उघडली होती. अप्पांना ते दिसलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी लगेच जोर लावला असता, म्हणून मी गप्प राहिले.