साहेब, दुर्बीण आणि न घेतलेल्या कोंबड्या

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकतं, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर तर असं की कोंबडीनं चिखलातून येऊन कागदावर पाय पुसावेत. शाळा चौथीपर्यंत झाली. ही वही मी कोणासाठी लिहीत नाही, तरी माफी मागते, कारण मला ती सवयच आहे. जीपमध्ये कोणी माझ्या पायावर पाय दिला, तर मीच पाय आखडून ओशाळते.

आमचं गाव दारव्ह्याच्या अलीकडे. ग्रामपंचायतीच्या एका खोलीत वाचनालय आहे, तिथं मी सकाळी झाडू मारते. पेपर वाचणारे नऊनंतर येतात. त्याआधीचा तासभर ती खोली माझी असते. तिथल्या कपाटाचा एक पाय मोडका होता आणि त्याखाली टेकण म्हणून एक जाड पुस्तक घातलेलं होतं. मला त्या पुस्तकाची दया आली, म्हणून मी त्याच्या जागी वीट लावली. पुस्तकाचा पुठ्ठा आणि पहिली काही पानं झिजून गेली होती. त्यामुळे ज्याची ती जीवनकथा होती, त्याचं नाव मला आजही माहीत नाही. मी त्याला साहेबच म्हणते.

साहेब दीडशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या देशात तो चामड्याच्या दुकानात हिशेब लिहायचा आणि सुटीच्या दिवशी भुंगे गोळा करायचा. एक दिवस त्यानं उसने पैसे घेतले, घरी सांगितलं की धंद्यासाठी चाललो, आणि जहाजात बसला. धंदा कसला, फुलपाखरं! पुढे कितीतरी वर्षं तो रानावनात, नावेतून, चिखलातून हिंडला. पक्षी पाहिले, किडे पेटीत भरले, आणि रोज संध्याकाळी पाहिलेलं सगळं लिहून काढलं. पेट्यांना मुंग्या लागू नयेत म्हणून तो टेबलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचा. हे वाचून मला हसू आलं. माझी आई दुधाच्या फळीला हेच करायची, पण तिच्यावर कोणी पुस्तक लिहिलं नाही.

मला खरा आपला वाटला तो दुसऱ्याच एका गोष्टीमुळे. साहेब लाजाळू होता. वाघाच्या पायाच्या ठशावर ठसा ठेवत चालणारा हा माणूस, पण परत गेल्यावर विद्वानांच्या सभेत बोलायची वेळ आली की त्याच्या पोटात दुखायचं. मग त्याचा कागद दुसराच कोणी वाचून दाखवायचा. झाडू हातात धरून मी ते पान तीनदा वाचलं.

मग मलाही साहेब व्हावंसं वाटलं. जहाज परवडणार नव्हतं, म्हणून दुर्बीण घ्यायचं ठरवलं. माझ्यासारख्या बाईला ती वस्तू फारच सोयीची. सगळं बघायचं आणि कोणाच्या जवळ जायचं नाही.

दारव्ह्याच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या चाचांच्या दुकानात एक जुनी दुर्बीण टांगलेली होती. चाचा म्हणाले, "ले जाव ताई, चांदावरचे खड्डे दिसतात. एक डोळा जरासा धुंद हाय, पण तुमाले दोन डोळ्यांनं काय कराचं हाय?" किंमत तीन हजार. मी घासाघीस केली नाही. मला ती येत नाही.

पैसे बचत गटातून घ्यायचे होते. आमच्या गटात कर्ज कशाला पाहिजे ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागतं, आणि सचिवबाई ते वहीत लिहितात. माझी पाळी आली. "दुर्बीण" हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला. तेवढ्यात अध्यक्षबाईंची एक कोंबडी दारातून आत आली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, "कोंबड्या." अध्यक्षबाई खूश झाल्या. त्यांच्याकडे अकरा कोंबड्या आहेत. "पाहा बरं," त्या सगळ्यांना म्हणाल्या, "बोलत नाई, पण अक्कल हाय तिले."

दुर्बीण मी तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवली. आमचे हे काळी-पिवळी जीप चालवतात आणि दिवस उगवायच्या आत निघून जातात. ते गेले की मी मागच्या दारात बसायचे. घरामागे नाला आहे आणि पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरीची झुडपं. एका शाळकरी वहीत मी साहेबासारखी नोंद करायचे. पहिली नोंद: "आज बगळा पाहिला." दुसरी: "आज पुन्हा बगळा पाहिला." तिसऱ्या दिवशी कळलं की ती खताची रिकामी पिशवी आहे, बोरीला अडकलेली. ते पान मी फाडलं नाही. साहेबही आपल्या चुका लिहायचा.

मग मुंगूस दिसली, मागे दोन पिल्लं. पिल्लं आईच्या शेपटीला तोंड लावून, एका ओळीत, आगगाडीसारखी धुरा ओलांडायची. आमच्याकडे मुंगसाचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो म्हणतात. मी तर रोज तिघांची तोंडं बघत होते. त्या दिवसांत माझ्या भाकरी करपायच्या, वरणात मीठ दोनदा पडायचं, पण दिवस चांगले जात होते.

दसऱ्याच्या आधी अध्यक्षबाई मोबाइल घेऊन दारात उभ्या राहिल्या. बँकेला फोटो पाठवायचा होता.

"कोठं हायेत वं कोंबड्या?"

समोर नाला होता, डोक्यात मुंगूस होती. मी म्हणाले, "मुंगसानं नेल्या."

"सगळ्या?"

मी मान हलवली. लाजाळू माणसाला खोटं बोलणं सोपं असतं. मान हलवली तरी पुरतं.

"माय वं! कवा? कोठून येते थे?"

आणि मी बोट दाखवलं. खरं बोट, खऱ्या बोरीकडे. त्या एका बोटाची मला अजून लाज वाटते.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. अध्यक्षबाईंचे दीर डुकरांसाठी तारेचे फासे करतात. रविवारी गटाची सभा संपली की धुऱ्यावर फासे लावायचे, असं ठरलं. तीन दिवस मला जेवण गेलं नाही. साहेबानं आवडलेला प्रत्येक पक्षी बंदुकीनं पाडला होता आणि नंतर प्रत्येकासाठी हळहळला होता. ते वाचताना मी त्याला नावं ठेवली होती. आता मी बंदूक न घेताच तेच करत होते, वर मुंगसावर चोरीचा आळ घालून.

मग मला साहेबाची युक्ती आठवली. मी सगळं एका कागदावर लिहिलं: दुर्बीण, डाळीचा डबा, खोट्या कोंबड्या, खरी मुंगूस. सभेत तो कागद सचिवबाईंच्या हातात दिला आणि मागं जाऊन खांबाआड बसले.

सचिवबाईंनी कागद सरळ धरला, मग उलटा धरला. "काय वं हे? डाक्टरची चिठ्ठी आनली काय?" तो अध्यक्षबाईंकडे गेला, तिथून खिडकीच्या उजेडात गेला, चारजणींच्या हातातून फिरला आणि परत माझ्याकडे आला. "तूच वाच, माय. आमाले काई उमजत नाई."

साहेबाचं अक्षर चांगलं असलं पाहिजे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी उभी राहिले. पोटात दुखत होतं. माझंच अक्षर मलाही लागेना, म्हणून कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "कोंबड्या नव्हत्याच. म्या दुर्बीण घेतली. मुंगसानं काई केलं नाई. फासे लावू नका."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण तेच. मग मागून एकीचा आवाज आला, "आत्ता समजलं! माह्या दारातलं सासूचं भांडन गावाले कसं दिसते त!" आणि सगळ्या हसल्या. मी कधी कोणाचं काही बघितलं नव्हतं. मी बगळा समजून पिशवी बघत होते.

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "तीन हजाराची दुर्बीण! आन मले बनवलं? माह्या दिराले तार आनाले लावली!" मग म्हणाल्या, "आन ती कोठं हाय?"

डाळीच्या डब्यातून दुर्बीण आली. सभा माझ्या मागच्या दारात भरली. प्रत्येकीनं डोळे लावले. दुर्बिणीला डाळ चिकटली होती, म्हणून पहिलीला सगळं गाव पिवळं दिसलं. अध्यक्षबाईंनी शेवटी घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. तेवढ्यात बोरीतून आगगाडी निघाली.

"बाप्पा," त्या हळूच म्हणाल्या. "पिल्लं हायेत वं तिले."

फासे लागले नाहीत. पण त्यांनी हुकूम दिला: कापसाच्या हंगामात सगळे पैसे व्याजासकट परत करायचे, नाहीतर पुन्हा कर्ज नाही. वहीत "कोंबड्या" खोडून "दुर्बीण" लिहिलं. आमच्या यांना दुसऱ्याच दिवशी जीपमध्ये कोणीतरी सांगितलं. घरी येऊन एवढंच म्हणाले, "मले वाटे डाळीले वास कायचा येते."

दिवाळीपासून कापूस वेचायला गेले. वेचणीला किलोवर पैसे. साहेबाचा नाद लागलेल्या बाईनं किलोवर काम करू नये. झाडाखाली एखादा भुंगा दिसला की मी खाली बसायचे, आणि शेजारची बाई दोन ओळी पुढे जायची. मालक म्हणायचे, "बाई, कापूस वर हाय, खाली काय पाहून राह्यली?" दर महिन्याला थोडे थोडे करून पैसे फिटत गेले.

होळीच्या आधीची गोष्ट. एका सकाळी मुंगूस धुरा ओलांडताना दिसली, आणि तिच्या तोंडात कोंबडी होती. तांबडी, मानेवर पिसं नसलेली. अध्यक्षबाईंचीच. दुर्बिणीच्या चांगल्या डोळ्यानं पाहिली, धुंद डोळ्यानंही पाहिली. कोंबडी बदलली नाही.

कोंबडी नेली म्हणून अध्यक्षबाई दोन दिवस कुत्र्याला शिव्या देत होत्या. मी गप्प राहिले असते तर कोणालाच कळलं नसतं. पण वहीत नोंद झाली होती, आणि पाहिलेलं तेवढंच लिहायचं हे मी साहेबाकडून शिकले होते.

शेवटच्या हप्त्याच्या दिवशी मी हप्ता ठेवला आणि त्यावर आणखी चारशे रुपये ठेवले.

"हे कायचे?"

"तांबड्या कोंबडीचे. कुत्रं नाई. मुंगूसच होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता दिराला हाक मारतील. त्यांनी नोटा थुंकी लावून मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. "चारशे जास्त होतात," म्हणाल्या. "म्हातारी होती थे, अंडे देत नोयती." पन्नास रुपये परत दिले. मग सचिवबाईंकडून वही घेतली, माझ्या नावापुढे स्वतःच्या हातानं "पूर्ण फेड" लिहिलं, आणि सही करायला पेन माझ्या हातात दिलं.