साडेचारचं पाणी

वडशाच्या गजूभाऊंचा एक नेम होता. मेसेज पाठवला की लगेच नदीकाठच्या गावात पार्बताबाईला फोन लावायचा. "बाई, आला का? वाच बरं." ती अडखळत वाचायची, हे मान हलवायचे. मी हसलो की म्हणायचे, "तुह्यं पत्रक वाटलं का तुह्यं काम संपते. माह्यं काम समोरच्यानं वाचल्यावर संपते."

मी त्यांच्या टपरीएवढ्या दुकानात मोर्च्यांची पत्रकं टाइप करून घ्यायला जायचो. मोबाइल तेव्हा नुकते गावागावांत पोहोचले होते. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की खाली मासे धरणाऱ्या ढिवरांना कळायचं ते पाणी कमरेला लागल्यावर. याची कुणाला लाज नव्हती. गजूभाऊंनी स्वतः प्रोग्रॅम लिहिला. धरणाची माहिती शहरातल्या एका कंपनीच्या एपीआयवर मिळायची. म्हणजे यांच्या कम्प्युटरनं ठरल्या शब्दांत विचारायचं, त्यांच्या कम्प्युटरनं ठरल्या शब्दांत उत्तर द्यायचं. उत्तर आलं की गावांना मेसेज जाई: दरवाजे अमुक वाजता उघडणार. पाणी गावापाशी यायला चार तास. ते येऊन उतरलं की पात्रातल्या खळग्यांत मासे अडकतात, तेव्हा टोपली घेऊन उतरायचं. अख्खं गाव त्या मेसेजवरून तास मोजायचं.

मग कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. एपीआयची नवी आवृत्ती आली आहे, जुनी पंधरा दिवसांत बंद.

"त्याईनं कुलूप बदलवलं," गजूभाऊ म्हणाले, "आपन नवी चाबी करू."

भारनियमनात जेवढी वीज मिळाली तेवढ्यात त्यांनी प्रोग्रॅम बदलला. तपासला त्या दिवशी नदी शांत होती. उत्तर आलं, 'पाणी सोडलेले नाही.' "चालून राह्यलं रे!" म्हणत त्यांनी मला चहा पाजला.

श्रावणात एके दिवशी सकाळी आठला मेसेज गेला. मी तिथंच होतो. फोनमधून पार्बताबाईचा आवाज स्पष्ट आला, "दरवाजे पहाटे साडेचारले म्हनते, भाऊ."

"बरं बाई. आला ना? झालं."

दरवाजे उघडले दहाला. जुनी आवृत्ती आपली वेळ सांगायची, नवी ग्रीनिचच्या प्रमाणवेळेची, साडेपाच तास मागची. हे कंपनीनं लिहिलं होतं, कितव्यातरी पानावर, एका ओळीत. गावानं हिशेब केला: साडेचारचं पाणी साडेआठलाच येऊन गेलं, थोडंसंच असेल, दिसलं नाही. दुपारी एकला पार्बताबाई टोपली घेऊन खळग्यात उतरली. दोनला पाणी आलं. टोपली संध्याकाळी सापडली, पार्बताबाई दुसऱ्या दिवशी.

कंपनीचं उत्तर आलं, "बदलाची पूर्वसूचना दिलेली होती." माझं डोकं फिरलं. वैनगंगेवर टोपली घेऊन उतरणाऱ्या बाईला कुणी दिली होती पूर्वसूचना? मी पत्रक लिहिलं, मथळा 'खुनी कोण?' त्यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. गजूभाऊ ते टाइप करत होते. मध्येच थांबले.

"इथी माह्यं नाव टाक. पयल्या ओळीत."

"भाऊ, चूक त्यांची आहे!"

"त्याईची हायेच. पन आपला मेसेज कधी पान्याच्या मागून गेला का रे? आठ वाजता मी सांगून राह्यलो का दरवाजे साडेचारले. तिनं वाचून दाखवलं, मी आयकलं. मले काऊन खटकलं नाई?" त्यांनी की-बोर्डवरून हात उचलले. "मी नुसतं पोचलं का तेवढंच पाह्यत होतो, बापा. बाई काय वाचून राह्यली, थे आयकलंच नाई."

मी नाव टाकू दिलं नाही. नावाशिवाय त्यांनी छापलं नाही. आम्ही भांडलो, मी पेन ड्राइव्ह उपसून निघालो. पोळ्याच्या आधी दुकानाला कुलूप लागलं. राजुऱ्याकडे बहिणीच्या गावी गेले म्हणतात. मी शोधलं नाही.

पत्रक निघालंच नाही. मेसेज थांबले, पण का थांबले म्हणून एकाही कचेरीनं विचारलं नाही. गावात पाणी आता पुन्हा कमरेला लागल्यावरच कळतं.