तवारीखच्या तासातला गोसावी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवळात उभं राहून देवालासुद्धा नाही — त्याला म्हणे न सांगता कळतं, म्हणून तिथंही मी गप्पच. आज तुम्ही समोर बसलात असं धरून चालतो. सांगू का? सांगतोच. आता नाही तर काय सरणावर चढल्यावर सांगणार?

पण आधी तो तास सांगायला पाहिजे. निजामाचं राज्य होतं. कॉलेज पार औरंगाबादला, ते आमच्या बापाला झेपणारं नव्हतं. आमचं कॉलेज म्हणजे हिंगोलीच्या शाळेचा शेवटचा वर्ग. शिकणं सगळं उर्दूतून. दुपारी पोटं भरल्यावर तवारीखचा, म्हणजे इतिहासाचा तास. मास्तरसाहेब पुस्तक नाकाशी धरून एका सुरात वाचायचे — एक बादशहा मरायचा, दुसरा तख्तावर बसायचा — आणि आमची डोकी बाकावर टेकायला लागायची. त्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसून पोरांच्या गोष्टी रचायचो. शेजारच्या युसूफच्या कानात. पुढचा जाड्या म्हणजे खरं तर एकाच सदऱ्यात बसलेले दोन भाऊ आहेत, असल्या. युसूफ टोपी तोंडात कोंबून हसायचा. सुटी होईपर्यंत गोष्ट वर्गभर फिरलेली असायची. मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू!

आणि मग माणिक.

माणिकशी माझं काही वाकडं होतं का? छे हो! गरीब स्वभावाचं पोरगं. नरसीचा होता, हिंगोलीत मामाकडं राहून शिकायचा. मामीला मूलबाळ नव्हतं, त्याच्यावर तिचा फार जीव. आम्ही पोरंसुद्धा तिला मामीच म्हणायचो. त्या साली शिमग्याला कुणीतरी माणिकच्या चांगल्या सदऱ्यावर रंग टाकला. डाग निघेनात, तेव्हा मामीनं पळसाची फुलं उकळून अख्खा सदराच त्यात बुडवला. भगवा झाला. तोच घालून माणिक वर्गात यायचा. पहाटे उठून म्हशीचं करायचा, त्यामुळं तवारीखला मांडी घालून, डोळे मिटून बसलेला असायचा.

भगवा सदरा, मिटलेले डोळे — अजून काय लागतं? मी युसूफला म्हणालो, माणिकनं एका गोसाव्याकडून गुपचूप दीक्षा घेतली आहे. परीक्षा झाली की घर सोडणार. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

इथपर्यंत पोरखेळ होता. इथंच थांबलं असतं तर तुम्हाला बसवून कशाला ठेवलं असतं?

महिनाभरात माणिकला हट्टा गावाहून स्थळ आलं. पोरगी त्याला पसंत होती. लाजत लाजत त्यानंच मला सांगितलं होतं. आमच्याकडं रीत अशी की, घरच्यांचं ऐकून झालं की पोरीकडचा एखादा जाणता माणूस पोराच्या सोबत्यांना गाठतो. घरचे झाकतात, सोबती बोलून जातात. तसा पोरीचा चुलता शाळेच्या फाटकाशी आला. दोन-चार पोरांशी बोलला आणि मग मला बाजूला घेतलं.

"पोरगं गोसावी व्हनार हाय म्हनं? खरं हाय का?"

भला मोठा फेटा, पिकलेल्या मिशा — आणि त्या तोंडात माझी गोष्ट! मी रचलेली, जशीच्या तशी. अहो, मला हसू यायला पाहिजे होतं, नाहीतर घाम फुटायला. मला झाला गर्व. एवढ्या मोठ्या माणसाला खरी वाटली! एक वाक्य पुरलं असतं — काका, ती थट्टा आहे. मी काय म्हणालो? मान हलवून, आवाज खाली आणून म्हणालो, "माझं नाव घेऊ नका. पन व्हय, दीक्षा झाली त्याची."

स्थळ मोडलं. निरोप आला तो एवढाच — पोराचं काय ते हिंगोलीतून कळलं. चुलत्यानं माझं नाव शब्द दिल्यासारखं गुप्त राखलं. मग हिंगोलीत माणिकला ओळखणारं घरचं माणूस कोण? मामी. माणिकच्या आईनं ठरवूनच टाकलं, भावजयीनं विष कालवलं, पोरगं कायमचं स्वतःकडं ठेवायला. बैलगाडी घेऊन आली, चार लोकांत मामीला नको नको ते बोलली आणि माणिकला उचलून घेऊन गेली. परीक्षा तोंडावर आली होती. ती त्यानं कधी दिलीच नाही.

मामीनं मला रस्त्यात अडवलं. "तू तं त्याच्या संगतीचा हाईस लेकरा. मी काहून असं करीन? तूच सांग." मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिलो. म्हणालो, मला काय माहीत, मामी.

अजून आहे. हे त्याहून वाईट आहे.

दिवाळीला मी नरसीला आत्याकडं जायचो. मामीनं माझ्याजवळ करंज्यांचं फडकं दिलं, माणिकला दे म्हणून. माणिकनं हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, तिचं माझ्या घरात नको. परत न्यायची माझी छाती झाली नाही. वाटेत एका बाभळीखाली बसलो आणि सगळ्या करंज्या खाल्ल्या. चांगल्या लागल्या, तेही सांगून टाकतो. मामीला म्हणालो, घेतल्या त्यानं, खाल्ल्या. बाई पदर डोळ्याला लावून हसली. पुढच्या दिवाळीला पुन्हा फडकं. त्याच्या पुढच्या दिवाळीला पुन्हा. निजामाचं राज्य गेलं, तिरंगा लागला, त्याही दिवाळीला मी बाभळीखाली बसून खाल्ल्या. माणिकला तेव्हाही सांगता आलं असतं. त्याचं घर तिथून हाकेवर होतं.

मामी गेली तेव्हा माणिक खांदा द्यायला आला नाही. मी दिला.

हुश्श. झालं बाबा सांगून. छातीवरचा धोंडा उतरला, खरंच उतरला. इतकं हलकं वाटायचा मला हक्क नाही, पण वाटतंय, ते कशाला लपवू? पुष्कळ लपवलं.

शेवटच्या दुखण्यात मामी माझा हात धरून म्हणाली होती, माणिकनं मला माफ केलं रे, दर साली माझ्या करंज्या खातो. माफ करण्यासारखं त्या बाईनं काही केलेलंच नव्हतं. तिनं कुणाजवळ एक शब्द काढला नव्हता. काढला होता मी.