माझ्या नावावरचं मत

मतदानाच्या आठवडाभर आधी आमच्या आळीतला एक कार्यकर्ता घरोघर फिरून मतदार कार्डं मागत होता. झेरॉक्स काढतो आणि संध्याकाळी परत आणून देतो, म्हणाला. सासूबाईंनी सगळ्यांची काढून दिली, माझंही. मी तेव्हा कंपनीत होते. कार्ड परत आलं ते दोन दिवसांनी.

"झेरॉक्सला दोन दिवस लागतात?" मी नवऱ्याला विचारलं.

"तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं," तो म्हणाला.

मतदानाच्या दिवशी शिफ्टमधून थोडी सवलत मिळाली. रोह्याहून पूल ओलांडून मी तशीच अष्टमीच्या शाळेत गेले. रांग फारशी नव्हती. टेबलावरच्या माणसानं नाव शोधलं, मान वर केली आणि म्हणाला, "ताई, तुमचं मतदान झालंय."

मी दोन्ही हात पुढे केले. एकाही बोटाला शाई नव्हती. त्यानं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. माझ्या नावासमोर अंगठा उठवलेला होता. मी तर सही करते.

"कार्ड बघितल्याशिवाय आम्ही कुणाला सोडत नाही," तो म्हणाला.

"कार्ड माझ्याकडे आहे. मग माझ्या नावानं जी आली तिनं काय दाखवलं?"

तो रजिस्टरची पानं पुन्हा चाळू लागला. तेवढ्यात बाकावरून आवाज आला, "वहिनी, चूक झाली असेल. एका मतानं काय होतंय?" कार्डं नेणारा तोच कार्यकर्ता पक्षाचा एजंट म्हणून तिथे बसला होता.

"तुम्ही मला ओळखता ना?"

"ओळखतो की."

"सकाळपासून इथंच आहात ना? मग माझ्या नावानं दुसरी बाई आली तेव्हा बोलला का नाहीत?"

तो मोबाइल बघू लागला. मी टेबलापासून हलले नाही. शेवटी केंद्राध्यक्षांनी मला छापील मतपत्रिका दिली आणि मी शिक्का मारल्यावर ती वेगळ्या लिफाफ्यात ठेवली. असली मतं कोर्टानं सांगितल्याशिवाय मोजतच नाहीत, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातून आईचा फोन आला. आयुष्यभर मिठागरात राबलेली बाई. पावसाळ्यात बांध फुटून घरात खारं पाणी शिरलं, तेव्हा तिचे सगळे कागद भिजून लगदा झाले होते.

"मला परत पाठवलं गो. तिथला पोरगा मला काकी म्हनतो, तरी म्हनला, कार्ड नाय तर मत नाय."

मी माझं सांगितलं. ती म्हणाली, "कार्ड हाय तरी तुझं गेलं? कोन होती ती?"

मला काय माहीत? नवऱ्याच्या मते आता बोटांचे ठसे घेऊनच मतदान करायला हवं. मला आईची मिठानं झिजलेली बोटं आठवली. रेशनच्या मशिनवर ती उमटत नाहीत. मी त्याच्याशी वाद घातला नाही.

तहसील कार्यालयात तक्रार दिली. चौकशी करतो म्हणाले, पुढे काही झालं नाही. आळीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या की मी एकेकीकडे बघत राहायचे. शाईवरून काही कळणार नव्हतं, ती सगळ्यांच्याच बोटांना होती. सासूबाईंनी मात्र तो विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि त्या का काढत नाहीत, हेही माझ्या मनातून गेलं नाही.