दसऱ्याआधीचा चुना

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही कारंज्यात वेगळं बिऱ्हाड केलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तोवर मी आसेगावला सासूसासऱ्यांजवळ राहत होते आणि माझा नवरा कारंज्याहून आठ-पंधरा दिवसांनी यायचा. एका जिनिंग फॅक्टरीच्या ट्रकवर ते ड्रायव्हर होते. कापसाच्या गाठी घेऊन अकोल्याला जायचे, कधी त्याच्याही पुढं. ट्रकवर त्यांचा फार जीव. चाकाला चिखल लागलेला त्यांना चालत नसे.

आमच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर मिळालं. मातीच्या भिंती, वर टिनं. आधीच्या बिऱ्हाडानं चूल नको तिथं मांडली होती, त्यामुळं समोरची खोली धुरानं काळी झालेली. दसरा तोंडावर आला होता. दसरा म्हणजे आमच्या लोकांचा दीक्षेचा दिवस. त्याच्या आत वस्तीतलं घर न् घर पांढरं होतं आणि खालून निळा पट्टा ओढला जातो. त्या वर्षी सासूसासरे पहिल्यांदाच आमच्या घरी येणार होते. चुना मारणारा माणूस वस्तीत एकच, आणि त्याला दसऱ्यापर्यंत सवड नव्हती. तेव्हा हे म्हणाले की आपणच मारू, त्यात काय आहे.

दोघांनीही ते काम कधी केलेलं नव्हतं. माझ्या माहेरी भिंतींना पांढरी माती लावायचे. पण मला हौस होती. स्वतःचं म्हणावं असं ते पहिलंच घर. ह्यांनी बाजारातून चुनकळ्या आणल्या, नीळ आणली, एक कुंचा आणला. दुकानदारानं बजावलं होतं की कळी विरली की दोन दिवस तशीच राहू द्या, मग गाळून घ्या. पण ह्यांना सुट्टीच दोन दिवसांची. दसऱ्यानंतर कापूस सुरू झाला की मान वर करायला फुरसत नसायची. म्हणून पहिल्या दिवशी दुपारी आम्ही अंगणात टिनाच्या डब्यात कळ्या टाकल्या आणि वरून पाणी ओतलं.

मी ते पहिल्यांदाच पाहत होते. आधी काहीच झालं नाही. मग आतून फसफस आवाज आला, डबा तापला आणि चूल नसताना पाणी खदखदा उकळू लागलं. मी मागं सरले. हे हसले आणि म्हणाले, चुन्यात पाणी पडलं की असंच होतं, हात घालू नको.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुरुवात केली. चुना जुन्या लुगड्यातून गाळला, नीळ कालवली. हे बाजेवर उभे राहून वरची भिंत घेत होते, मी खालून कुंचा बुडवून देत होते. मागची भिंत पुरी झाली. ओली होती तोवर मळकी दिसायची, वाळत गेली तशी उजळत गेली. आम्ही दोघं चहा घेत तिच्याकडंच बघत बसलो. मग समोरची भिंत धरली. ह्यांच्या मिशांना, भुवयांना पांढरे थेंब लागले होते. मला हसू आवरेना.

"काहून हसून राह्यली वं?" असं म्हणत कुंचा घ्यायला ते खाली वाकले. मी तो वर करत होते. हसण्यात माझा हात हलला आणि कुंच्यातला सगळा चुना त्यांच्या उजव्या डोळ्यात गेला.

ते बाजेवरून उतरले नाहीत, पडलेच. डोळ्यावर हात दाबून म्हणाले, "पानी आन. लवकर पानी आन."

पाण्याची बादली दोन हातांवर होती, आणि मी पाणी दिलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं कालचा तो उकळणारा डबा आला. वाटलं, पाणी घातलं तर डोळा उकळून जाईल. ते चाचपडत बादलीकडं सरकले तर मीच त्यांचा हात धरला. "पानी नोका लावू, आवो, पानी नोका लावू," एवढंच म्हणत राहिले. माझा आवाज ऐकून शेजारीण धावत आली. तिनं गोडं तेल आणलं. आम्ही दोघींनी त्यांच्या डोळ्यात तेल घातलं, कोरड्या फडक्यानं नुसती पापणी पुसली. सायकल रिक्षा मिळून दवाखान्यात पोचेस्तोवर तास गेला.

डॉक्टरांनी आधी डोळा पाण्यानं धुतला. किती वेळ धुतला सांगता येत नाही, मी भिंतीला टेकून बघत होते. धुता धुता त्यांनी विचारलं, चुना गेल्याबरोबर भरपूर पाणी मारलं होतं ना? मी तोंड उघडलं, तेवढ्यात हे म्हणाले, "मारलं होतं, साहेब." मग चुना कसा पडला असं विचारलं, तर म्हणाले, "माझ्याच हातानं पडला."

दसरा आम्ही अकोल्याच्या दवाखान्यात काढला. तिथं दिवसातून कितीतरी वेळा औषध घालत. पट्टी सुटली तेव्हा बुबुळावर दुधासारखा पडदा आलेला होता. उजेड कळायचा, बाकी काही नाही. ट्रक त्यांच्या हातातून गेला. मालक माणूस चांगला होता, त्यानं गेटवर बसवलं. नव्या ड्रायव्हरला ट्रक दिला त्या दिवशी हे घरी येऊन जेवले नाहीत. पुढं मात्र ट्रक गेटातून निघायच्या आधी ते रोज चाकांची हवा बघायचे, रेडिएटरमध्ये पाणी घालायचे. नवा ड्रायव्हर तोवर बाजूला थांबायचा.

समोरची भिंत वर्षभर तशीच अर्धी राहिली. पुढच्या दसऱ्याला ह्यांचा भाऊ येऊन पूर्ण करून गेला. तेव्हापासून सासूबाई दर दसऱ्याला मला बजावायच्या की याला चढू देऊ नको, याला लहानपणापासून हाताला धीर नाही. हे खाली मान घालून ऐकत. बोलावं म्हणून मी वर बघायचे, तर त्यांचा एक डोळा माझ्यावरच असायचा.

सासूबाई गेल्यावर एकदा मी विचारलंच, खोटं कशाला सांगितलं?

ते म्हणाले, "खरं सांगतलं असतं तं तुले कोनं जगू देल्लं असतं? डोया तं तसाबी गेलाच होता."

आम्ही पुन्हा कधी त्या दिवसाबद्दल बोललो नाही.

त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या दिवाळीत मी माझ्या लेकीला हे सगळं सांगितलं. ती माझा हात धरून बसली होती. म्हणाली, "आई, त्या वक्ती तुले कायचं मालूम होतं? पानी टाकाव म्हनून कोनं सांगतलं होतं तुले?"

मी म्हटलं, त्यांनीच सांगितलं होतं. त्यांनी पाणीच मागितलं होतं.

तिनं हात सोडला नाही.