आबांची खंडेनवमी

आज हिंजवडीच्या ऑफिसात कुणीतरी माझ्या लॅपटॉपवर झेंडूचं फूल ठेवलं, आणि त्या उग्र वासासरशी मला चाकणची ती खंडेनवमी आठवली. इंजिनिअरिंग करताना मी वर्षभराच्या ट्रेनिंगला लागले होते, ती कंपनी आमच्याच विकलेल्या शेतावर उभी होती. खंडेनवमीला तिथं मशीनची पूजा असे, आणि त्या एकाच दिवशी घरच्यांना आत सोडत.

मी वडिलांना, आबांना, घेऊन गेले. ऑइलच्या वासात झेंडूचा वास मिसळला होता. माझं मशीन दाखवायला मी पुढं झाले, तर आबा भलतीकडेच चालू लागले. तयार मालाच्या क्रेटांजवळ थांबून त्यांनी हातातलं फूल सिमेंटच्या जमिनीवर ठेवलं.

"आबा, पूजा मशीनची असते."

"व्हय. पर आपला आंबा हितं व्हता. त्याच्याखाली तुझी आय भाकरी सोडायची."

आई त्याआधीच गेली होती. मला आपलं वाटलं होतं, आबा माझं मशीन बघायला आलेत.

पुढच्या खंडेनवमीला माझं ट्रेनिंग संपलेलं होतं. आता गेटच्या आत आम्हाला कोण सोडणार? आबा मात्र सकाळीच धुतलेली टोपी घालून ओट्यावर तयार बसले होते.